घरच्या झाडाची खारीक

मी तापट आहे हे मला कुणी सांगायला नको. आई सांगायची, सासू सांगायची, आता लेकही सांगते. फक्त आमचे हे कधी म्हणाले नाहीत. एकोणतीस वर्षांच्या संसारात एकदाही नाही. ह्यांचं नाव विरुपाक्ष. मिलच्या फोल्डिंग खात्यात आहेत. दिवसभर चादरींच्या घड्या घालायच्या आणि घरी आल्यावरही हाताला चैन नाही. माझं लुगडं, पोरीचा फ्रॉक, पुड्याचा कागद, जे दिसेल त्याची घडी. राग आला तर त्याचीही घडी घालून कुठंतरी ठेवून देत असावेत, कारण मला तो कधी दिसला नाही. अशा माणसाशी भांडायचं म्हणजे एका हातानं टाळी वाजवायची. मी नऊ वर्षं वाजवली, आणि ती एका झाडावरून.

आमचं घर सोलापुरात, बाळीवेशीजवळ. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वराच्या काठ्या आमच्या दारावरून जातात. काठ्या म्हणजे नंदीध्वज. पांढरी बाराबंदी घातलेले गडी त्या उंच, जड काठ्या पोटाशी तोलून चालतात आणि वाटेत घरोघरचे लोक काठीला माळा बांधतात, कुणी खोबऱ्याच्या वाट्यांची, कुणी खारकांची. आमच्या घरची खारकांची. सासऱ्यांच्या आधीपासूनची चाल.

सत्तर साली ती माळ चुकली. ऐन जत्रेत माझ्या पोटात अपेंडिक्स फुटलं आणि मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन काय सांगितलं ते मला कळलं नाही, मी शुद्धीवर नव्हते. पण मी वाचले. महिन्याभरानं घरी आले तेव्हा खुंटीवरच्या कोटाच्या खिशात माळेसाठी आणलेल्या खारका तशाच होत्या. ह्यांनी त्या फोडल्या. गर दुधात शिजवून रोज थोडा थोडा मला पाजला, आणि बिया परसात नेऊन पुरल्या.

"हे काय करताय?" मी खाटेवरनं विचारलं.

"झाड लावतोय. यापुढं काठीला खारीक घालायची ती घरच्या झाडाचीच."

"का? बाजारात मेल्यात खारका?"

"मनात आलं," म्हणाले.

मनात आलं म्हणजे संपलं. ह्यांच्या मनात काय येतं त्याला आम्ही विचारणारे कोण.

रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली की हे परसात जाऊन त्या ओल्या मातीकडं बघत उभे राहायचे. काही उगवलं नाही. मग एकदा किराणावाल्या शिवयोगीला विचारलं, तर तो दुकानात हसत बसला. म्हणाला, "अहो मालक, खारीक म्हणजे उकडून वाळवलेला खजूर. उकडलेल्या हरभऱ्याला मोड आलेत का कधी?" आम्हाला कुठं माहीत. आमच्या लेखी खारकेचं झाड वेगळं आणि खजुराचं वेगळं. हे घरी येऊन सांगायला लागले आणि मी पोटाचे टाके धरून हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा हसले, ते ह्यांच्या फजितीला. ह्यांना त्याचाही आनंदच झाला.

त्याच महिन्यात शिवरात्र आली. उपासाला खजूर आणला. मी एकेक खाऊन बी टाकणार तोच ह्यांचा तळहात पुढं. त्या बिया माझ्या चुलीशेजारी वाटीत भिजत ठेवल्या, रोज पाणी बदललं, मग ओल्या फडक्यात बांधल्या. दोन-अडीच महिन्यांनी मातीतनं पाच पाती वर आल्या. झाड कसलं, साधी गवताची पात. त्यातली एक मी गवत म्हणून उपटली. खरंच गवत म्हणून, त्यात माझा राग नव्हता. ह्यांनी ती मुळासकट परत लावून बघितली, पण ती काही जगली नाही. एक पावसात कुजली. उरली तीन, त्यातलं एक दुष्काळात गेलं.

दुष्काळाचं साल तुम्हाला सांगायला नको. नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. मी माझा मोगरा मरू दिला, जाई मरू दिली. ह्यांनी काय करावं? न्हाणीतला दगड उचलून परसात दोन झाडांच्या मधोमध नेऊन ठेवला आणि तिथं बसून आंघोळ करायला लागले, म्हणजे पाणी दोन्हीकडं जाईल. पंचा नेसून, उघड्यावर, जानेवारीच्या गारठ्यातसुद्धा. लोकांचे नवरे न्हाणीत आंघोळ करतात, माझा नवरा झाडाखाली. मी बोलायची ती बोलायचीच.

"तुमच्या अंगाला साबण लागतोय की झाडाला?"

"दोघांना," हे म्हणायचे.

आणखी एक खोड होती. मला जरा बरं नसलं, डोकं दुखलं, अंग तापलं, नुसती शिंक आली, की हे आधी परसाकडं बघायचे आणि मग उठून झाडांना पाणी घालायला जायचे. मी इथं कण्हतेय आणि ह्यांची तिथं कळशी. तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा मी म्हणालेसुद्धा, "मी मेले तर आधी झाडाला पाणी घालाल, मग रडाल." हे पांढरेफटक पडले. मला वाटलं, चला, एकदाचं लागलं बोलणं.

झाडं वाढली. बुंधा फार नाही, पण झावळ्या परसभर, आणि झावळीच्या बुडाशी काटे, सुईसारखे. लांबनं बघितलं तर शिंदीच. आता आमचं घर पडलं लिंगायताचं, रोज विभूती लावणारं, आणि शिंदी म्हटलं की ताडी. माझं माहेर वळसंगचं. तिथं ओढ्याकाठी शिंदीची झाडं होती, त्यांना मडकी टांगलेली असायची. आमचे वडील आम्हाला त्या वाटेनंसुद्धा जाऊ द्यायचे नाहीत, शाळेला लांबून वळसा घालून पाठवायचे. आणि माझ्याच परसात हे उभं. शेजारच्या सावित्रम्मा भिंतीवरनं डोकावून म्हणाल्या, "काय गौरम्मा, शिंदी लावली काय?" मी सांगितलं, खजूर आहे. त्या म्हणाल्या, "असंल की," आणि त्या 'असंल की'त सगळं आलं. एक दिवस भर दुपारी एक झिंगलेला गडी लोटा घेऊन मागच्या दाराशी उभा राहिला आणि ताडी किती वाजता उतरवता म्हणून विचारायला लागला. त्याला मी लाटणं दाखवलं. पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

आणि जत्रेचं तर विचारूच नका. दरसाल काठ्या दारावर आल्या की सगळी गल्ली माळा बांधायची. हे नुसते हात जोडून उभे. मी विकतची आणून देते म्हटलं तर नको. लोक म्हणायला लागले, विरुपाक्ष हल्ली चिकट झालाय. ऐकून घ्यायला मी होतेच.

शहात्तर साली शिवरात्रीच्या सुमाराला पहिल्या झाडाला फूल आलं. झावळ्यांच्या बेचक्यातनं एक लांबट म्यान बाहेर आलं, ते फुटलं, आत पांढऱ्या फुलांचा झाडूच. ह्यांनी मला हात धरून नेऊन दाखवलं. चार दिवसांत त्यातनं पांढरं पीठ झडायला लागलं. वाळत घातलेल्या धुण्यावर पीठ, घासलेल्या भांड्यांवर पीठ, आणि वासही कसातरीच. महिनाभरात फूल वाळून गेलं. फळ नाही, बोंड नाही, काही नाही.

तेवढ्यात आमची लेक शिवबाई बाळ घेऊन माहेरी यायची होती. तिला अक्कलकोटला दिली आहे. नात सहा महिन्यांची, आता रांगायला लागेल, आणि परसात हे काटे. हे मिलची रजा काढून त्यांना आणायला अक्कलकोटला गेले. मी लाकडं फोडणाऱ्या भिमाला बोलावलं आणि सांगितलं, दोन्ही तोड.

पहिलं तोडायला त्यानं दुपार घेतली. ज्याला फूल येऊन गेलं होतं तेच आधी. दुसऱ्याच्या झावळीला हात घातला आणि काटा त्याच्या तळहातात आरपार गेला. रक्ताळलेला हात झटकत तो म्हणाला, "मालकीणबाई, ह्ये माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. दुसरा गडी बघा." मी हळद भरून दिली. दुसरं झाड वाचलं ते त्या काट्यानं, माझ्या दयेनं नाही.

संध्याकाळी हे आले. लेक पुढं, हे मागं, कडेवर नात. परसाच्या दारात उभे राहिले. मी पदर खोचून तयार होते. सहा वर्षांचं साचलेलं सगळं जिभेवर होतं, ह्यांनी एक शब्द बोलावा म्हणून वाट बघत होते. ह्यांनी नातीला माझ्याकडं दिलं. मग माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले आणि विचारलं, "काटा लागला नाही ना कुठं?"

हे परसात गेले आणि अंधार पडेपर्यंत तोडलेल्या झावळ्यांचे काटे छाटून एकावर एक नीट रचत बसले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी वाईट केलंय. काय ते नीट कळायला मात्र वर्ष गेलं.

पुढच्या वर्षी उरलेल्या झाडाला फूल आलं. हे निराळं होतं. पीठ नाही, तर देठांवर मण्यांसारखी बारीक हिरवी बोंडं. ह्यांनी ती मोजली नाहीत, दृष्ट लागेल म्हणाले. पण ती बोंडं वाढेनात. एकाच जागी तीन तीन चिकटलेली, मुगाएवढी होऊन गळायला लागली. हे रोज सकाळी खाली पडलेली वेचून उंबऱ्याशी ठेवायचे.

त्या दिवसांत गोजाबाई आली. गोजाबाई माझ्या माहेरची, वळसंगची. शिंदीच्या पाल्याचे फडे, म्हणजे झाडू, बांधून सोलापुरात दारोदार विकते, आणि माझ्याकडं आली की चहा घेतल्याशिवाय जात नाही. परसात बसून चहा पिताना तिनं झाड बघितलं, बोंडं चिमटीत धरून बघितली आणि म्हणाली, "अक्का, हिचा नर कुटं हाय?"

"कसला नर?"

"अवो, आमच्या शिंदीवानीच हाय की ह्ये. येक झाड नर, येक मादी. नराला निस्तं पीठ येतंय, फळ न्हाय. त्ये पीठ मादीवर पडलं तर फळ धरतंय. न्हायतर ही अशी गळती." मग तिची नजर कोपऱ्यातल्या बुंध्याच्या तुकड्यावर गेली. "ह्यो कुणी तोडला?"

मी तिच्या बशीत आणखी चहा ओतला. मी तोडला म्हणून सांगायला मला जीभ रेटेना.

ह्यांनाही सांगितलं नाही. झाडाला अजून वेळ असेल, असं हे म्हणत राहिले आणि मी मान हलवत राहिले. अपराध एकदा केला की तो पदराखाली झाकायची बुद्धी आपोआप येते.

मग अठ्ठ्याहत्तरची जत्रा आली. सकाळी गल्लीत सडे, रांगोळ्या. लांबून 'हर्र बोला हर्र' ऐकू यायला लागलं. मी काठी धरणाऱ्यांच्या पायांवर घालायला पाण्याची घागर घेऊन बाहेर आले. काठी आमच्या दाराशी थांबली होती, हे तिच्यापुढं वाकले होते. माझी चाहूल त्यांना लागली नाही. देवाशी हे कानडीत बोलतात, आमच्याकडं सगळे तसंच बोलतात. आवाज बारीक होता, पण मी हाताच्या अंतरावर होते.

"देवा, यंदाही झालं नाही," हे म्हणत होते. "दवाखान्याच्या दारात कबूल केलं होतं, हिला ठेव, मी घरच्या झाडाची खारीक तुला घालीन. एवढं मोठं मागणं, विकतच्या माळेत कसं बसवणार. तू तुझा शब्द लगेच पाळलास. माझा आठ वर्षं झाली तरी राहिलाय. झाड लावलं ते मी, उशीर झालाय तो माझा. तिला काही करू नकोस. आणखी एक वर्ष थांब."

माझ्या हातातली घागर मी खाली कशी ठेवली ते मला आठवत नाही.

नवस फिटेपर्यंत कुणाला सांगायचा नसतो, आपल्यात तशी रीतच आहे. म्हणून हे बोलले नाहीत. आठ वर्षं हा माणूस माझा जीव त्या झाडाला टांगून ठेवल्यासारखा जगला. मला शिंक आली की परसाकडं का बघायचे ते मला त्या दिवशी कळलं. मी मेले तर, म्हणाले होते तेव्हा चेहरा पांढरा का पडला तेही कळलं. आणि त्या नवसातलं अर्धं झाड मी माझ्या हातानं तोडायला लावलं होतं, वर भिमाला हळद लावून दिली होती. स्वैपाकघरात जाऊन मी पोटभर रडले. ह्यांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं, धूर गेला डोळ्यात. चूल पेटलेली नव्हती.

शिवरात्रीनंतर झाडाला पुन्हा म्यानं यायला लागली. मी ह्यांना सांगितलं, भावाला भेटून येते, आणि एस.टी.नं वळसंग गाठलं. भाऊ मल्लप्पाकडं पाणीसुद्धा प्याले नाही. सरळ गोजाबाईच्या दारात.

"गोजाबाई, मला शिंदीचा नर पाहिजे."

तिनं माझ्याकडं बघितलं. "शिंदीचा? तुमच्या खजुराला?"

"चालतो का?"

"चालतोय की. जात येकच. पर अक्का, तितं ओड्याला यावं लागंल. तुमी याल?"

हा प्रश्न तिनं उगाच विचारला नव्हता. आमच्या घरातल्या बायका त्या ओढ्याला जात नाहीत हे सगळ्या गावाला ठाऊक. मी म्हटलं, चल.

शेहेचाळीस वर्षांची झाल्यावर मी त्या वाटेनं पहिल्यांदा गेले. ओढा कोरडा होता. शिंदीची पंचवीस-तीस झाडं, कुठं कुठं मडकी टांगलेली, आंबूस वास, आणि खाली दोघंचौघं बसलेली. मला बघून ती उठून उभी राहिली. मी डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला. वडील वरनं बघत असतील तर बघू देत, म्हटलं, जावयासाठी आलेय. गोजाबाईचा दीर जोतीराम दोरानं वर चढला आणि उमलायला आलेलं नराचं फूल काढून माझ्या हातात दिलं. तेच पांढरं पीठ, तोच वास. दोन वर्षांपूर्वी ज्यावर मी नाक मुरडलं होतं ते मी पदरात घेऊन छातीशी धरलं.

"कसं घालायचं ते सांग," मी गोजाबाईला म्हटलं.

"मादीचं म्यान फुटलं की आत ह्याच्या दोन-चार काड्या उलट्या खोवायच्या आन वरनं सुतळीनं सैल बांदायचं. पीठ आपसूक झडतंय. सकाळच्याला उनात करा. आन घाबरू नगासा, लई सोपं हाय."

एस.टी.त फूल वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर धरलं. शेजारची बाई नाकाला पदर लावून खिडकीकडं सरकली. सरक बाई, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हे मिलला गेल्यावर मी स्टूल घेऊन परसात गेले. सहा म्यानं होती, तीन फुटलेली. ज्या काट्यांना मी सहा वर्षं शिव्या दिल्या त्या काट्यांत कोपरापर्यंत हात घातला. त्यांनीही सगळ्या शिव्यांचा हिशेब चुकता केला. उरलेली तीन म्यानं पुढच्या दहा दिवसांत फुटली, तेव्हा जपून ठेवलेल्या काड्या त्यांत खोवल्या. हाताचे ओरखडे बघून ह्यांनी विचारलं, तर मांजर, म्हटलं. आमच्याकडं मांजर नाही.

पंधरा दिवसांत फरक दिसायला लागला. तीन बोंडांतली दोन गळली, एक राहिलं, आणि राहिलेलं वाढायला लागलं. वाटाण्याएवढं, मग बोराएवढं. हे आता पूजेआधीच परसात जायचे, पूजेला उशीर व्हायला लागला. एकदा मला म्हणाले, "गौरे, यंदा धरलंय बघ." मी भाकरी थापत होते, वर बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळं सांगून बसले असते.

आषाढात घड पिवळेधमक झाले. झाडावर पिकू द्यायचे तर पाऊस आला होता, कुजले असते. शिवयोगीनं ह्यांना सांगितलं, पिवळी झाली की उतरवा, उकडा आणि वाळवा, तीच खारीक. माझ्या मोठ्या पातेल्यात उकडल्या आणि माळवदावर धोतरं पसरून वाळत घातल्या. पावसानं आमच्याशी वैर धरल्यासारखं केलं. ऊन पडलं की वर न्यायच्या, शिंतोडा आला की खाली. दिवसातनं चार वेळा जिना. एकदा दोघंही धोतराची दोन टोकं धरून जिन्यात अडकलो, ना वर जाता येईना ना खाली. मी ओरडायच्या ऐवजी हसायलाच लागले. काही बुरसल्या, काही खारींनी नेल्या. शेवटी एक माळ होईल एवढ्या आणि वर दोन ओंजळी उरल्या. बाजारच्या खारकेहून बारीक, सुरकुतलेल्या. हे त्यांच्याकडं असं बघायचे की मला माझ्या बाळंतपणाची आठवण यायची.

आणि मग माझ्या पोटात दुसरीच भीती शिरली. हा माणूस रोज आंघोळ करून लिंगपूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घालत नाही. ताडीच्या दुकानावरनं जायचं तर रस्ता बदलतो. त्याच्या नवसाच्या खारकेत ओढ्यावरच्या शिंदीचं पीठ आहे. सांगितलं तर ही माळ तो देवाला घालणार नाही, आणखी एक वर्ष झुरेल. आणि नाही सांगितलं तर देवापुढं खोटं. सहा महिने मी हे गिळून बसले. बोलणारी बाई मी, गप्प बसायची सवय नाही, तोंडाला फोड यायचा राहिला.

यंदाच्या जत्रेच्या सकाळी हे ओसरीवर बसून माळ ओवत होते. दाभणानं भोक पाडायचं, सुतळी ओढायची. लांबून हलग्या ऐकू यायला लागल्या. ह्यांनी शेवटची खारीक उचलली आणि माझा धीर सुटला.

"थांबा," मी म्हटलं. "मला सांगायचंय काही."

मी सगळं सांगितलं. नवस ऐकला ते. नर तोडला तो मीच, हे तर ठाऊकच होतं, पण त्यानं काय झालं ते. वळसंग, ओढा, मडकी, जोतीराम, वर्तमानपत्र. "शिंदीचं पीठ आहे ह्यात," म्हटलं, "आता घालायची की नाही ते तुम्ही ठरवा. मला काही व्हायचं असेल तर होऊ दे, पण तुम्हाला फसवून मला जगायचं नाही."

ह्यांनी खारीक ओवली. गाठ मारली. मग म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"सगळं. मागच्या फाल्गुनात तू वळसंगहून आलीस. तुझं हिरवं लुगडं मी घडी घालायला घेतलं, तर पदरातनं पांढरं पीठ निघालं. कणकेचं नव्हतं. तोडलेल्या झाडाचं पीठ मी महिनाभर अंगावर घेतलं होतं, ओळखणार नाही होय? आणि आपल्याकडं मांजर कुठंय?"

"मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून." आणि मग, एकोणतीस वर्षांत माझी थट्टा न केलेला हा माणूस माळेची टोकं जुळवत म्हणाला, "आणि त्यात चुकलं काय? मुलगी आपल्या घरची, जावई वळसंगचा. मीही वळसंगचीच सोयरीक केली की. मला कुठं वाईट पडली?"

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं.

काठी दाराशी आली. हे माळ घेऊन पुढं झाले, पण बांधायला त्यांनी माझाही हात धरून माळेला लावला. काठी धरणारा थांबला. बारीक, सुरकुतलेल्या आमच्या खारका बाजारच्या टपोऱ्या खारकांशेजारी जाऊन बसल्या. मी पाणी घातलं, हे वाकले. कान देऊन ऐकलं, पण यंदा देवाशी बोलणं लांबलं नाही. "मुगीतु," एवढंच म्हणाले. कानडीत, म्हणजे संपलं. काठी पुढच्या दाराला गेली.

त्या दिवशी सकाळभर पाण्यात उभी राहिले होते, संध्याकाळी मला शिंक आली. लागोपाठ दोन. मी सवयीनं ह्यांच्याकडं बघितलं. हे वर्तमानपत्राची घडी घालत होते. परसाकडं त्यांनी मान वळवली नाही. सुंठ कुठल्या डब्यात ठेवलीस, म्हणून विचारलं आणि काढा करायला उठले.